हात मागे

आमच्या गावात निरोप देताना कुणी हात हलवत नाही. दोन्ही हात पाठीमागे न्यायचे, एकाने दुसऱ्याचं मनगट धरायचं आणि जाणाऱ्याकडे बघत उभं राहायचं. नवख्या माणसाला वाटतं, काय दगडाची माणसं आहेत! मलाही तसंच वाटलं होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी कळायला आठवडाही लागला नाही.

या सगळ्याचं मूळ म्हणजे बोट. किनाऱ्याकिनाऱ्याने वरखाली जाणारी, माणसं आणि माल दोन्ही नेणारी मोठी बोट. आमच्याकडे धक्का नव्हता आणि पाणी उथळ, त्यामुळे ती लांब नांगर टाकून उभी राहायची आणि तिच्यापर्यंत होड्या जायच्या. धडधाकट माणसं दोरीच्या शिडीने चढायची. म्हातारी, आजारी, लेकुरवाळी माणसं आणि झाडून सगळा माल मात्र यारीने. यारी म्हणजे डेकवरचा तो लांब लोखंडी दांडा. त्याच्या आकड्याला जाळी लावली की पोती वर जातात, खुर्ची लावली की माणूस जातो. यारीला दोन्हींत काही फरक वाटत नाही.

गंमत अशी, की यारी चालवणारा बसतो डेकच्या मधोमध, त्याला खालची होडी दिसतच नाही. म्हणून कठड्याशी एक जण वाकून उभा असतो आणि हातांनी खुणा करतो. वर घे, खाली सोड, डावीकडे, उजवीकडे. या खुणा त्यानेच करायच्या, दुसऱ्या कुणी लुडबूड करायची नाही. एक खूण मात्र कुणीही करू शकतं. हात सरळ वर, पंजा उघडा. म्हणजे थांब. ती होडीतल्या माणसाने केली तरी कठड्यावरचा माणूस आपला हात वर करतो आणि यारी असेल तिथे थांबते. खालचा हात खाली येईपर्यंत ती हलत नाही.

आता अशा ठिकाणी कुणी हौसेने मामाला टाटा करायला हात वर केला, की दुसऱ्या कुणाचं कपाट, नाहीतर आजी, अर्ध्यावर लोंबकळत राहते. खाली समुद्र काही थांबत नाही. बोट डुलते, ओझं झोके घेतं आणि लोखंडी अंगावर जाऊन आपटतं. म्हणून हात मागे. आधी होडीत, मग किनाऱ्यावर आणि हळूहळू गावभर. शाळेच्या दारात पोराला सोडणारी आईसुद्धा आमच्याकडे हात बांधून उभी राहते. तिथे कसली आली यारी? पण सवय ती सवय.

बोट सुरू होण्याआधी या गावाला जग म्हणून काही होतंच कुठे? मागे डोंगर, दोन्ही बाजूंना खाड्या. जुनी माणसं सांगायची, मीठ आणि लाकूड घेऊन शिडाची तारवं जायची, वारा असेल तेव्हा परत यायची, नसेल तेव्हा घरच्यांनी वाट बघायची. बोट आली आणि टपाल आलं, रॉकेल आलं, खिडक्यांच्या काचा आल्या, डॉक्टर आले, मास्तर आले. न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची आली, तेव्हा म्हणे ती यारीवरच गरगर फिरत उतरली. शाळेची घंटा तर वाजतच आली. गावात बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट एकदा तरी हवेत लोंबकळलेली आहे.

त्यात मीही आले. लग्न करून मी या गावात उतरले ती खुर्चीतूनच. पोचवायला आलेला माझा भाऊ डेकवर उभा होता. मी कठड्यापलीकडे गेले आणि त्याला भरून आलं. त्याने हात वर करून जोरजोरात हलवला. झालं! मी पाण्याच्या वर, नव्या साडीत, बोटीच्या अंगावर एकदा डाव्या बाजूने आणि एकदा उजव्या बाजूने आपटले. भाऊ बिचारा मला आणखीच जोरात टाटा करत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी कुणीतरी त्याचा हात धरून खाली ओढला, तेव्हा मी होडीत पोचले. होडीत सासूबाई बसल्या होत्या. सून पहिल्यांदा सासरी येत होती, तर ये म्हणणं नाही की बस म्हणणं नाही. म्हणाल्या, "तुझ्या भावाला आधी हात मागे घ्यायला शिकव."

तेव्हापासून आमचं दोघींचं जे जमायचं ते जमलं. म्हणजे जमलं नाहीच. मला हसायला लागायचं, त्यांना त्याचा त्रास व्हायचा. त्या चार शब्द बोलायच्या, मी चाळीस. त्यांनी कुणाला जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. सासरे बोटीवर यारी चालवायचे, महिन्याचे बरेच दिवस पाण्यावर. ते निघाले की या बाई किनाऱ्यावर हात बांधून खांबासारख्या उभ्या, आणि बोट दिसेनाशी झाली की घरी येऊन भांडी घासायला बसायच्या. मी नवऱ्याला म्हणायचे, "तुमच्या आईला काळीज दिलंय की नुसतंच मनगट?" तो होडी चालवणारा माणूस, वादळात न डगमगणारा. पण आई आणि बायको यांच्यामध्ये बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायचा.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, त्या वर्षाची ही गोष्ट.

दिवस भरत आले होते. दवाखान्यातल्या नर्सबाई तपासून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. "मूल आडवं आहे," त्या म्हणाल्या. "फिरेल म्हणून वाट बघितली, पण फिरत नाहीये. इथे माझ्याच्याने होणार नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि कळा सुरू व्हायच्या आत न्या."

जमिनीवरून न्यायचं तर दोन खाड्या ओलांडायच्या, आणि मधल्या वाटेवर बैलगाडीचे धक्के. नर्सबाईंनी त्याला साफ नाही म्हटलं. राहिली बोट. ती दुसऱ्या दिवशी येणार होती. पण हंगाम संपत आला होता, समुद्र फुगायला लागला होता. अशा दिवसांत कप्तानाला धोका वाटला तर तो थांबतच नाही. लांबूनच भोंगा वाजवून पुढे जातो. किनाऱ्यावर सामान बांधून बसलेली माणसं मग ते सामान पुन्हा सोडतात.

त्या रात्री नणंद मला म्हणाली, "वहिनी, बोट थांबली नाही तर?"

"न थांबायला काय झालं? तुझे बाबा आहेत ना बोटीवर."

"बाबा यारी चालवतात. बोट नाही."

मी उगाच तिचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी बोट थांबली. नांगराच्या साखळीचा खडखडाट ऐकू आला तेव्हा नणंदेचा नवरा चक्क रडला. तो मुलगा डोंगरापलीकडचा, गावात शिंप्याचं काम करणारा, सरळ आणि हळवा. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मग होडीत बसायच्या आधी त्याच्या एका हातात पांघरुणांचं गाठोडं दिलं, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या दिला आणि काखेत छत्रीही कोंबली.

"जावईबापू, यातलं काही खाली ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "वर डेकवर गेल्यावरही नाही."

त्याला वाटलं, सामान मोलाचं असेल. मला मात्र कळलं, की जावयाला टाटा करायला हातच मोकळा ठेवलेला नाही. ऐन वेळी शिडीने चढण्यासाठी ते सगळं त्याच्या गळ्यात बांधावं लागलं, आणि वर पोचल्यावर खलाशांनी ते पुन्हा त्याच्या हातांत दिलं.

होडी बोटीच्या अंगाला लागली. लाट आली की आम्ही वर, लाट गेली की खाली. कठड्याशी खुणा करणारा उभा होता. त्याला सगळे मुका म्हणायचे, कारण कामावर तो फक्त हातांनी बोलायचा. एरवी त्याचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मुक्याने खाली बघितलं, खुर्चीत कोण बसतंय ते ओळखलं आणि मागे वळून सासऱ्यांना काहीतरी सांगितलं. सासरे आम्हाला दिसत नव्हते. मुलगी खुर्चीत बसतेय एवढंच त्यांना कळलं असणार. पुढचं सगळं त्यांनी मुक्याच्या हातांवर सोपवायचं होतं.

नणंदेला खुर्चीत बसवून पट्टा पोटाच्या खालून बांधला. खुर्चीच्या तळाला एक लांब दोरी असते. ती होडीतल्या माणसाने सैल धरायची, म्हणजे खुर्ची गिरक्या घेत नाही. ती दोरी माझ्या नवऱ्याच्या हातात होती. मुक्याने बोट वर केलं. यारीचं यंत्र धडधडायला लागलं. ते चालू असताना शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. खुर्ची होडीतून सुटली आणि नणंद वर निघाली.

सगळे वर बघत होते. मी वर बघत होते, वल्ही धरलेले दोघे वर बघत होते. हातातली दोरी सोडता सोडता माझा नवराही, बहिणीकडे, आ वासून. वर जावई दोन्ही हातांत सामान घेऊन खाली बघत होता. फक्त सासूबाई वर बघत नव्हत्या. त्या माझ्या पुढे उभ्या होत्या, मान खाली घालून होडीच्या तळाकडे बघत. मला चीड आली. पोटची पोर हवेत टांगलेली, आणि ही बाई तिच्याकडे बघतसुद्धा नाही!

मग माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. पाठीमागे बांधलेले ते हात माझ्या अगदी समोर होते. इतकी वर्षं मी त्यांना समोरून बघत आले होते किंवा बाजूला उभी राहत आले होते, मागून असं कधी बघितलंच नव्हतं. त्यांची बोटं एकमेकांना अशी पिळत होती, की नखं पांढरी पडली होती. अंगठा त्या स्वतःच्याच तळव्यावरून फिरवत होत्या, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवतात तसा. त्यांना वर बघवत नव्हतं. एवढंच होतं ते, आणि ते मला आता कळत होतं.

एकदम ते हात सुटले. उजवा हात सरळ वर गेला, पंजा उघडा.

मुक्याचा हात त्याच क्षणी वर गेला. यारी थांबली.

खाली बघत होत्या म्हणून त्यांनाच ते दिसलं होतं. दोरीचं सैल वेटोळं बसायच्या फळीच्या पायात अडकलं होतं. दोरीत उरलेला ढिलेपणा जेमतेम हातभर. खुर्ची आणखी जराशी वर गेली असती आणि त्याच वेळी होडी लाटेबरोबर खाली बसली असती, तर खुर्ची खालून हिसकली जाऊन उपडी झाली असती. पट्टा पोटाला नीट आवळलेलाही नव्हता, कारण आवळायचा कसा?

त्यांनी डाव्या हाताने माझ्या नवऱ्याच्या डोक्यात टपली मारली आणि खाली बोट दाखवलं. तो गुडघ्यांवर कोसळला. वेटोळं ओलं होऊन घट्ट बसलेलं. वर खुर्ची झोके घ्यायला लागली होती. एकदा ती बोटीच्या अंगाजवळ गेली, तेव्हा वरून दोन खलाशांनी बांबू लावून तिला अडवलं. नणंदेने डोळे मिटून घेतले होते. सासूबाईंचा हात तसाच वर, जराही न हलता. तो हात वर असेपर्यंत यारी हलणार नव्हती, मग वर बसलेल्या बापाच्या जिवाचं पाणी का होईना. अखेर दोरी सुटली. नवऱ्याने ती दोन्ही हातांनी वर धरून दाखवली. सासूबाईंनी स्वतः वाकून तळ एकदा निरखला आणि मगच हात खाली घेतला.

खुर्ची वर गेली, कठड्यावरून आत वळली, दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने मुक्याने खाली वाकून दोन्ही पंजे जोडून दाखवले. पोचली. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंचे हात पुन्हा पाठीमागे गेले होते. पण आता उजव्याला डावं मनगट सापडत नव्हतं. मी पुढे होऊन तो हात धरला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. माझी बोटं मात्र अशी आवळली, की माझी अंगठी रुतून वळ उठला. बोट भोंगा वाजवून निघून गेली, होडी किनाऱ्याकडे वळली, तरी त्यांनी सोडलं नाही. त्या बाईवर मला त्या दिवशी इतकं प्रेम आलं, की काय सांगू. बोलले मात्र भलतंच. म्हणाले, "आई, तुमच्या मुलाला दोरी धरायला आधी शिकवा."

"तुझ्या भावापेक्षा बरा आहे," त्या म्हणाल्या.

नंतरचे दिवस आम्ही देव पाण्यात घालून बसलो. टपाल बोटीनेच यायचं, म्हणजे बोट परत येईपर्यंत काही कळायची सोय नव्हती. सासूबाई भांडी घासायच्या, घासलेली पुन्हा घासायच्या. मी त्यांच्या शेजारी बसून ती पुसायचे. बोलणं पहिल्यासारखंच, त्यांचे चार शब्द आणि माझे चाळीस. पण त्यांतले निम्मे मी आता गिळायला लागले होते.

परतीच्या फेरीला समुद्र आणखी खवळलेला होता. बोट दिसली तेव्हा किनाऱ्यावर कुणी श्वास घेत नव्हतं. भोंगा वाजला. आणि मग साखळीचा खडखडाट झाला, तेव्हा सासूबाई माझ्या आधी होडीत चढून उभ्या होत्या.

आम्ही निम्म्या वाटेवर असतानाच यारीचा दांडा कठड्याबाहेर आला. एरवी होडी अंगाला लागेपर्यंत तो बाहेर येत नाही. नियमच आहे. सासऱ्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मोडला असावा. दांड्याला काहीतरी टांगलेलं होतं. जवळ गेलो तेव्हा दिसलं, पाळणा. नवाकोरा, लाकडी. रिकामा पाळणा हलवू नये म्हणून त्यात त्यांनी बटाटे भरले होते.

नवरा हसत सुटला. वल्ही मारणारे ओरडायला लागले. मीही काहीतरी ओरडले. होडी बोटीला भिडली, यंत्र धडधडत होतं, पाळणा हळूहळू खाली येत होता. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मला कळलं. पाळणा आला म्हणजे मूल आहे. मुलाच्या आईचं काय, ते पाळणा सांगत नव्हता.

त्यांनी हात वर केला.

मुक्याचा हात वर गेला. यारी थांबली, यंत्राचा आवाज बसला आणि नुसतं पाणी ऐकू यायला लागलं.

"आई, काय अडकलं?" नवरा घाबरून तळाशी वाकला.

त्यांनी मान वर केली आणि कधी नव्हे त्या आवाजात ओरडल्या, "माझी पोर कशी आहे?"

मुका आता मुका राहिला नाही. हात तसाच वर ठेवून तो कठड्यावरून कमरेपर्यंत खाली वाकला. "दोघी सुखरूप आहेत, काकू! मुलगी झाली! पोट फाडावं लागलं, पण दोघी सुखरूप! काल तिने पोटभर जेवण केलं आणि नवऱ्याला झापलं!"

होडीत एकच कल्ला झाला. नवऱ्याने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की पाळणा अजून वरच आहे. बटाट्यांसकट झोके घेतोय. कप्तान कर्ण्यातून ओरडत होता, की हवा बिघडतेय, आवरा. मुका डोळे पुसत होता, एकाच हाताने, कारण दुसरा वर होता. डेकच्या मधोमध बसलेल्या सासऱ्यांना तर जागाही सोडता येत नव्हती, आकड्याला ओझं असताना यारीवाल्याने उठायचं नसतं.

सासूबाईंनी हात खाली घेतलेलाच नव्हता.

मुका पुन्हा खाली वाकला. "काकू, ते विचारतायत, आता काय झालं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि वर केलेला पंजा हलायला लागला होता. आधी जरासा, मग चांगला जोरात. "सांग त्यांना, टाटा करतेय."

मिठी सुटताच माझे हात सवयीने मागे गेले होते. मग मी ते सोडले आणि माझाही एक वर केला.